तीनशे बारा जणांचा एक नंबर

६ ऑक्टोबर, सोमवार

ही वही माझी नाही, कॉम्प्युटरची आहे. शिवशंकर, म्हणजे सुनिताचा धाकटा भाऊ, पुण्याहून फोनवर म्हणाला, "दाजी, लिनक्स टाकताय तर एक वही करा. जे जे कराल ते तारखेनिशी लिहा. बिघडलं की कुठपर्यंत नीट चालत होतं ते सापडतं." मेव्हणा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे, पण पुण्यात कंपनीत आहे म्हणून त्याचं ऐकून घ्यावं लागतं.

कारण असं झालं. तेलगावच्या चौकातलं माझं ऑनलाईन सेंटर ज्या कॉम्प्युटरवर चालतं तो नऊ वर्षांचा झाला. चालू केला की आधी सूचना येते, या विंडोजला आता सुरक्षा मिळणार नाही, नवी घ्या. नवी घ्यायला गेलं तर म्हणतो, तुमचं मशीन तिला चालणार नाही. त्यात मी फोटो कापायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर कुठून तरी उतरवून घेतलं. चूक माझीच, इथं लिहायला हरकत नाही. तेव्हापासून पडद्यावर पत्त्यांच्या जाहिराती आपोआप उघडतात. आज दगडाबाईचा हयातीचा दाखला भरत होतो तर मध्येच रमीवाला आला. दगडाबाई म्हणाली, "रामप्रसाद, मी जित्ती हाय का मेली, ते पत्त्यावर ठरीवतूस व्हय?" दुकानात सहा माणसं होती. सहाही हसली.

तेव्हाच ठरवलं. विंडोज बंद, लिनक्स चालू.

८ ऑक्टोबर, बुधवार

सगळ्या फाईली दोन पेन ड्राईव्हवर काढल्या आणि लिनक्स टाकलं. मला वाटलं दिवस जाईल. वीस मिनिटांत झालं. खरं सांगायचं तर थोडा हिरमोड झाला, कारण दुकानाला "तांत्रिक कामामुळे आज बंद" असा कागद लावून ठेवला होता.

मग काळ्या खिडकीत एक आज्ञा द्यायची होती. पासवर्ड विचारला. मी टाइप करतो, पण काही उमटेना. टिंबंही नाहीत, चांदण्याही नाहीत. अकरा वेळा टाइप केला. की-बोर्ड उलटा करून झटकला, जुन्या टूथब्रशनं घासला. त्यातून शेंगदाण्याची टरफलं, एक स्टेपलर पिन आणि कुणाच्या तरी पासपोर्ट फोटोचा कान निघाला. की-बोर्ड बदलला. तरी तेच. शेवटी नाइलाजानं मेव्हण्याला फोन केला.

"दाजी, लिनक्समध्ये पासवर्ड दिसत नाही. पण आत जातो. टाइप करा आणि एंटर मारा."

"मग आधी सांगायचं ना."

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

हे वाक्य तो मुद्दाम बोलला. बहिणीला सांगून हसणार, हेही मला माहीत आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

प्रिंटर. सकाळी नऊ ते साडेबारा. इंटरनेटवर शोधून सात आज्ञा दिल्या, तीन ड्रायव्हर टाकले, दोन काढले. एक कागद निघाला, त्यावर भगवानरावांच्या सातबाऱ्याचा खालचा अर्धा भाग. साडेबाराला सुनिता डबा घेऊन आली. प्रिंटरकडे बघून म्हणाली, "ह्याचं झाकण उघडं हाय." झाकण लावलं, सातबारा पूर्ण निघाला. वहीत लिहितो: कारण, ड्रायव्हर नंबर तीन. झाकणाचा संबंध असल्याचं सिद्ध झालेलं नाही.

बाकी हिशेब असा: अर्ज लिहायला लिब्रे ऑफिस, उत्तम. फोटो कापायला गिंप, शिकायला वेळ लागेल, आज दगडाबाईच्या नातवाच्या फोटोला मागची भिंत ठेवून नुसतं डोकं काढून टाकलं. अंगठ्याचं मशीन लिनक्सवर चालेना, ते दुकानातल्या जुन्या मोबाईलला जोडलं. अर्जाचे माझे बेचाळीस नमुने जुन्या फॉन्टमध्ये होते. उघडले तर "मा. तहसीलदार साहेब" यांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची भेळ. सगळे नव्यानं युनिकोडमध्ये टाइप करायला घेतलेत. चौदा वर्षं ज्या चुका मी छापत होतो त्याही यात सापडल्या, पण त्या कुणाला सांगायचं कारण नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज बबिता येऊन गेली. सटवाची थोरली पोरगी. सटवा आणि त्याची बायको सत्यभामा दरसाल टोळीबरोबर कर्नाटकात ऊस तोडायला जातात, उन्हाळ्यात परततात. ही चुलत्याकडे राहून बारावी सायन्स झाली, मार्कही चांगले. सप्टेंबरात तिचा नर्सिंगचा फॉर्म मीच भरला. मोबाईल नंबर माझा टाकला.

आमच्याकडे ही पद्धतच आहे. फॉर्म भरताना "नंबर काय टाकू?" विचारलं की समोरचा म्हणतो, "तुमचाच टाका." टोळीवाल्यांचं सिम दर हंगामाला बदलतं, म्हाताऱ्यांना मेसेज वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येतो तोही म्हणतो, कशाला कटकट. ओटीपी माझ्या फोनवर येतो, मी टाकतो, काम होतं. आज सहज मोजले. तीनशे बारा माणसांचा नंबर म्हणून माझा नंबर लागलेला आहे. एवढा विश्वास तेलगावात कुणावर नसेल.

यंदा सत्यभामाचा उजवा हात मनगटापासून कामातून गेलाय, कोयता धरवत नाही. बबिताला सीट मिळाली तर ती बीडला वसतिगृहात राहील. नाही मिळाली तर आईचा कोयता तिनं धरायचा, असं सटवानं मुकादमाला सांगून ठेवलंय. ट्रक भाऊबीजेनंतर निघणार. सीट लागली की मेसेज येणार, तोही माझ्याच फोनवर.

"काका, मेसेज आला की लगीच सांगताल ना?"

मी म्हणालो, "अगं, झोपेतसुद्धा फोन माझ्या हातात असतो. तू निर्धास्त राहा."

१३ ऑक्टोबर, सोमवार

लिनक्स आलं की माणूस विचार करायला लागतो. आज ऑनलाईन खासगीपणावर चार लेख वाचले. आपण काय शोधतो, कुठं जातो, काय खातो, सगळं कुणीतरी टिपून ठेवतं म्हणे. आजवर मी किती गाफील होतो. ब्राउझर बदलला. जाहिराती अडवणारं जोडलं. कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी लावली. भगवानरावांनी विचारलं, "कॅमेरा फुटला का?" मी म्हणालो, "आपली माहिती ही आपली मालमत्ता आहे, भगवानराव." ते म्हणाले, "बरं, माझ्या बँकेचा पासवर्ड तुझ्याकडं लिहिलेला हाय ना, तो जरा सांग, मी इसरलो." मी सांगितला.

ही वहीसुद्धा आता खासगी. दुकानातून घरी नेतो आणि जुन्या टीव्हीच्या खोक्यात ठेवतो. तेव्हा मोकळेपणानं एक गोष्ट लिहून टाकतो: सुनिताच्या शेवग्याच्या आमटीत हल्ली मीठ कमी असतं. तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

जेवायला बसलो. सुनितानं मिठाची वाटी माझ्या ताटाजवळ आणून ठेवली.

मी आमटीबद्दल कुणाशीही बोललेलो नाही. एकाशीही नाही. फोन खिशात होता. आता लक्षात आलं, मी लिहिताना पुटपुटतो. शाळेतली सवय आहे. फोननं ऐकलं, हे उघड आहे. फक्त तिथून सुनितापर्यंत कसं पोचलं, ते कळत नाही. तिच्या फोनवर मिठाची जाहिरात आली असेल.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज जरा मनातलं. शिवशंकर भाऊबीजेला येणार. तो येऊन कॉम्प्युटर बघेल आणि दोन मिनिटांत माझ्या दहा चुका काढेल. चौदा वर्षं मी हे दुकान चालवतो. गावात मला सगळे "सर" नाही तर "भाऊ" म्हणतात. पण तो समोर बसला की मला आपण कच्चे आहोत असं वाटतं. तो हुशार आहे, माझ्यापेक्षा बराच. हे मी आजवर कुणापुढं कबूल केलेलं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी चहा देताना सुनिता म्हणाली, "शिवशंकर काय तुमच्यापेक्षा हुशार न्हाई. तो नुसता पुण्याला ऱ्हातो."

बरं वाटलं. आणि मग अंगावर काटा आला. आमटीपर्यंत ठीक होतं, पण हा माझ्या मनाचा कप्पा आहे आणि काल तर मी तोंड घट्ट मिटून लिहिलं होतं. मग फोनला कळलं कसं? लेखात लिहिलं होतं, की आता यंत्रं माणसाच्या वागण्यावरून अंदाज बांधतात. म्हणजे पुटपुटायचीसुद्धा गरज राहिली नाही.

दुपारी दुकान अर्धा तास बंद ठेवून फोनचा बंदोबस्त केला. मेसेजचं जुनं ॲप काढलं, मुक्त परवान्याचं एक नवं टाकलं. त्यात सुरक्षेच्या जेवढ्या चौकटी होत्या तेवढ्या सगळ्यांवर खूण केली. एकही सोडली नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. काय शांतता आहे. रोज साठ-सत्तर मेसेज यायचे, आज एकही नाही. कर्ज घ्या, रिचार्ज करा, लॉटरी लागली, सगळं बंद. मेव्हण्याला मुद्दाम कळवलं. त्यानं अंगठा पाठवला.

सर्व्हरचा मात्र त्रास सुरू झालाय. दगडाबाईचा ओटीपी आला नाही. बाजूच्या वस्तीवरच्या तिघांचा आला नाही. दिवाळीत सर्व्हरवर लोड असतोच. सगळ्यांना नंतर यायला सांगितलं. भगवानराव आले, त्यांच्या स्वतःच्या फोनवर दोन सेकंदांत आला. त्यांचा मुलगा आला, त्यालाही आला. ज्यांच्याजवळ स्वतःचा मोठा फोन आहे त्यांचा ओटीपी येतो आणि गरिबांचा येत नाही. सर्व्हरसुद्धा श्रीमंताच्या बाजूचा असतो, हे मी आज डोळ्यांनी पाहिलं. लिहून ठेवतो.

२० ऑक्टोबर, सोमवार

बबिता तिसऱ्यांदा येऊन गेली. दिवाळीची गर्दी होती, मी चिडलेलो होतो, सकाळपासून नऊ ओटीपी अडकले होते. तिचं लॉगिन करून बघितलं, त्याचाही ओटीपी आला नाही.

तिनं माझ्या फोनकडे बघितलं. मग म्हणाली, "काका, भगवान आजोबाचा तर आत्ता आला. तुमचा मोबाईल एकदा बंद करून चालू करून बघता का?"

आता मला सांगा, चौदा वर्षं मी हे काम करतो, सबंध कॉम्प्युटर मी एकट्यानं लिनक्सवर नेला, आणि ही कालची पोरगी मला मोबाईल बंद-चालू करायला शिकवणार. सगळ्यांसमोर. मी म्हणालो, "तुला जास्त कळत असेल तर फॉर्म दुसरीकडून भरून घे." मग मी आधी इतरांची कामं घेतली आणि ती दुकान बंद होईपर्यंत बाकावर बसून राहिली. निघताना म्हणाली, "चुकलं काका. उद्या येते."

थोडं जास्त बोललो असेन. पण धंद्यात शिस्त लागते.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. शिवशंकर आला. दुकान उघडून त्याला लिनक्स दाखवलं. त्यानं खाली-वर करून बघितलं, बेचाळीस नमुने बघितले आणि म्हणाला, "दाजी, मान गये. आमच्या ऑफिसातली पोरं एवढं करत नाहीत." मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत. मी इतका खूश झालो की त्याला दोन वेळा चहा पाजला.

निघताना त्यानं विचारलं, "फोनवर पण नवीन ॲप टाकलंय म्हणालात. ओटीपी नीट येतात ना?"

मी म्हणालो, "एकदम."

खोटं बोललो. पण नुकतंच कौतुक झालं होतं आणि सर्व्हरचं रडगाणं सांगत बसायला नको वाटलं. शिवाय सर्व्हरचा दोष म्हणजे माझा दोष नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सटवा भेटायला आला होता. ट्रक सोमवारी निघतोय. म्हणाला, "मेसेज आला तर कळवा भाऊ. न्हाई आला तर ऱ्हाऊ द्या, तिच्या नशिबात न्हाई म्हणायचं." मी म्हणालो, सर्व्हर डाऊन आहे, काय करणार. तो म्हणाला, "तुमी काय करणार? तुमी तर लई केलं."

बबिता आली नव्हती. भाकरीचं पीठ दळून आणायला गेलती, असं सटवा म्हणाला. दोन पायल्या ज्वारी, सहा महिन्यांची सुरुवात. मला उगाच वाईट वाटलं. आज वही लिहायचं मन नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

क्रमानं लिहितो.

सकाळी अकराला सुनिता दुकानात आली. डबा नव्हता. गिऱ्हाइकांसमोर सरळ म्हणाली, "सर्व्हरला काय म्हाईत कोण गरीब अन् कोण श्रीमंत? ज्याचा सोताचा फोन त्याला येतंय, ज्याचा तुमच्या फोनवर त्याला येत न्हाई. आना तो फोन इकडं."

मी म्हणणार होतो की हे वाक्य माझं आहे, मी ते फक्त वहीत लिहिलं होतं. म्हणता म्हणता थांबलो. आमटी, शिवशंकर, सर्व्हर, सगळं एका क्षणात उमगलं. पण तिनं तोवर फोन काढून घेतला होता आणि चौकटी एकेक उघडून बघत होती. एक चौकट अशी होती: "संपर्कयादीत नसलेल्यांचे मेसेज अडवा." त्यावर माझी खूण. ओटीपी पाठवणारी कुठलीच कचेरी माझ्या संपर्कयादीत नाही. असणार तरी कशी? खाली "अडवलेले" असा एक कप्पा. त्यात सहाशे त्रेसष्ट मेसेज.

बबिताचा २२ तारखेचा होता. बीडच्या कॉलेजात सीट लागली आहे. मूळ कागदपत्रांसह २७ तारखेला सायंकाळी पाचपर्यंत हजर राहावे, अन्यथा जागा रद्द. आजची तारीख मी तीन वेळा भिंतीवर बघितली.

सुनितानं ती खूण काढून फोन माझ्या हातात दिला आणि खुर्चीत बसली. "तुमी जा. मी बघते दुकान." मी गाडी काढली.

वस्तीवर ट्रक उभा होता. भरून झाला होता, वर ताडपत्री, मागं दोन शेळ्या. बबिता वर चढून दोरी आवळत होती. मी खालून म्हणालो, "सीट लागली. आज पाचच्या आत बीडला." ती दोरी धरून तशीच थांबली. सटवानं हात जोडले.

"लई उपकार झाले भाऊ. आत्ताच आला व्हय मेसेज?"

मी म्हणालो, "हो."

कागद पत्र्याच्या पेटीत आणि पेटी सगळ्यात खाली. मुकादम ओरडायला लागला, ट्रकला उशीर होतोय, पोरीची जात शिकून काय करणार. टोळीतल्या बाप्यांनी आणि बायांनी मिळून आख्खा ट्रक रिकामा केला. चुली, सरपण, गोधड्या, पिठाची पोती, कोंबड्यांचं खुराडं. वीस मिनिटांत पेटी निघाली. मी बाजूला हात बांधून उभा होतो, मला कुणी हात लावू दिला नाही. "तुमी कशाला भाऊ, तुमचे कपडे खराब होतील."

सत्यभामानं डाव्या हातानं पोरीचा चेहरा पुसला आणि भाकरी बांधून दिली. दुसरं काही बोलायला वेळ नव्हता. आम्ही निघालो तेव्हा मागं ट्रक पुन्हा भरणं चालू होतं. पोरीला कॉलेजात सोडून येईपर्यंत तो थांबणार नव्हता, हे तिलाही माहीत होतं.

वडवणीत पेट्रोल, बीडला अडीच. रांग. चार वाजून दहा मिनिटांनी खिडकीपाशी. शेवटी प्रवेश पक्का करायला ओटीपी लागला. दोन सेकंदांत माझ्या फोनवर आला. सर्व्हर कधी डाऊन नव्हताच.

वसतिगृह एक तारखेला उघडणार आहे. तोवर सुनितानं बबिताला आमच्याकडेच ठेवून घेतलंय.

२९ ऑक्टोबर, बुधवार

भगवानरावांनी काल सकाळी माझा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. "गरिबाच्या लेकीसाठी कामधंदा सोडून बीडला धावणारे आमचे रामप्रसादभाऊ." एकशे चार अंगठे, काही हार, एक केक. काल दिवसभर मला गोड वाटलं. खोटं कशाला लिहू, ग्रुप मी वीस वेळा उघडला. आज प्रत्येक अंगठा टोचतोय.

दुकानात आल्यागेल्याला म्हणतो, आता तुमचा स्वतःचा नंबर टाका. दगडाबाईला म्हणालो तर ती उठूनच निघाली. "माझा नंबर म्हंजी तूच. न्हाई टाकायचा तर न्हाई सांग." बसवली, समजावलं. नातवाचा नंबर सांगायला तयार झाली, पण माझ्यावर नाराज आहे. एकूण अकरा झाले. तीनशे एक बाकी.

सुनिताला विचारलं, "वही वाचतेस?"

ती भाजी निवडत होती. "पयल्या पानावर लिवलंय की कॉम्प्युटरची हाय. कॉम्प्युटरच्या वहीला खोक्यात कावून ठिवता?" मग मान वर न करता म्हणाली, "सोमवारचं पान बी वाचलं. सटवाला 'हो' म्हणालात. त्याचं काय करणार?"

बबिता आत भांडी घासत होती.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सटवाला फोन लावला. लागत नाही. नवीन सिम घेतलं असणार. सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली.

बबिताला सांगायचं ठरवून तीन वेळा तिच्यासमोर गेलो. एकदा पाणी मागितलं, एकदा पंखा चालू केला, एकदा तिला लिनक्स म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं.

१ नोव्हेंबर, शनिवार

तिला बीडला सोडायला गेलो. पत्र्याची पेटी सीटवर बांधली होती. वडवणीत चहाला थांबलो आणि तिथं एकदम सांगून टाकलं. म्हणालो, "बबिता, सर्व्हर कधीच बंद नव्हता. मेसेज पाच दिवस माझ्या फोनात पडून होता. मीच अडवून ठेवला होता, मला माहीत नव्हतं एवढंच. तुझ्या बापाला मी खोटं बोललो. तुझी सीट माझ्यामुळं मिळाली नाही, माझ्यामुळं जात होती."

ती चहा ढवळत होती. म्हणाली, "म्हाईत हाय काका."

"कधीपासून?"

"वीस तारखेपासून. भगवान आजोबाचा आला अन् आपला न्हाई आला, तवाच कळलं का फोनात काहीतरी हाय. माझ्या वर्गातल्या पोरींना पण मेसेज आलते."

मला राग आला. तिचा नाही, पण आला. म्हणालो, "मग ठासून सांगायचं ना. भांडायचं. सटवाला घेऊन यायचं. तू ट्रकवर चढून दोरी बांधत होतीस, तुझं आयुष्य चाललं होतं, आणि तू गप्प?"

"एकदा बोलले हुते." तिनं कप खाली ठेवला. "तुमी म्हणालात दुसरीकडं जा. दुसरीकडं कुठं जाऊ काका? माझा फॉर्म तुमच्या फोनात, बापूचं कार्ड तुमच्या फोनात, आईचं दवाखान्याचं कार्ड तुमच्या फोनात. तुमी नाराज झाले असते तर समद्यांचंच अडलं असतं. मी म्हनलं, माझ्या एकटीचं अडलेलं बरं."

ती रागानं बोलली नाही. सगळा हिशेब आधीच करून झालेल्या माणसासारखी बोलली. चहाचे पैसे दिले आणि गाडी काढली.

वसतिगृहात बाईंनी रजिस्टर पुढं केलं. नाव, गाव, पालकाचं नाव, पालकाचा मोबाईल नंबर. मी शेजारी उभा होतो. तिनं पिशवीतून एक चिठ्ठी काढली, त्यावर सत्यभामाचा नवा नंबर होता, चुलत्यानं मिळवून दिलेला. तो तिनं एकेक आकडा बघून लिहिला. बाईंनी तिथंच लावून बघितला. लागला नाही. उसाच्या फडात रेंज नसते.

"दुसरा कुठला आहे का? गावातला, लागणारा?" बाईंनी विचारलं आणि माझ्याकडे बघितलं.

"न्हाई मॅडम," बबिता म्हणाली. "हाच ऱ्हाऊ द्या. संध्याकाळी लागंल."